हौशी छायाचित्रकारांची मंडळे आणि देखाव्याची पारख

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि रसायनांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची क्रिया जाहीर झाली. त्याच वर्षी इंग्लंडात टॅल्बटने कागदावर चित्र उठविण्याची आपली रीत लोकांपुढे मांडली. १८५१ साली आर्चरने काचेवर कलोडियनचा लेप देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. अशा पायऱ्या मोजीत तो इतिहास पुढे सरकतो. या पायऱ्या खऱ्याच आहेत. परंतु चित्र काढून झाल्यावर ते कोणाला दाखवावयाचे, त्यातील बरेवाईट कोणी सांगावयाचे आणि सांगणाऱ्याचे कितपत मानावयाचे, हा या कलेचा दुसरा अर्धा भाग त्या इतिहासात क्वचितच येतो. धंदेवाईक छायाचित्रकाराचा न्याय गिऱ्हाईक करते. ते पैसे देते किंवा देत नाही. हौशी माणसाला गिऱ्हाईक नसते. त्याला लागतात ते सोबती. आणि सोबतीही असे की, ज्यांना त्याच्या अडचणी ठाऊक आहेत पण ज्यांना त्याची भीड पडत नाही. अशा सोबत्यांची मंडळे हिंदुस्थानात कशी निघाली, त्यांनी निसर्गाच्या आणि जुन्या वास्तूंच्या दृश्यचित्रांची पारख कोणत्या कसोट्यांवर केली, आणि ती पारख कोठे येऊन थांबली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. त्यांच्यापैकी पुष्कळजण नोकरीनिमित्त आपला मुलूख सोडून दूरच्या प्रांतांत राहतात, आणि फिरतीवर निघताना अंथरुणाच्या वळकटीबरोबर कॅमेराही घेतात. ज्यांची कथा येथे सांगावयाची आहे तीही बहुतांशी अशीच माणसे होती. कोणी तोफखान्यातील कप्तान, कोणी सिव्हिल सर्जन, कोणी कचेरीतील कारकून. परक्या मुलखात येऊन पडलेला, भाषा जेमतेम जाणणारा आणि संध्याकाळचा वेळ कसा घालवावा या विवंचनेत असलेला अंमलदार हाच या देशातील दृश्यचित्रणाचा पहिला उपासक होय.

त्या काळी देखाव्याचे चित्र घेणे किती कष्टाचे होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. ओल्या कलोडियनच्या रीतीत काचेवर लेप ओतावयाचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात चढवून चित्र घ्यावयाचे आणि लेप वाळण्यापूर्वी काळ्या तंबूत शिरून ते उठवावयाचे. हे सर्व काही मिनिटांत उरकावे लागे. म्हणजे जेथे देखावा तेथे तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी. इंग्लंडच्या थंड हवेत हे जमे. आपल्याकडच्या वैशाखात कलोडियनमधील ईथरच उडून जाई, कारण ईथर सुमारे ३५ अंश सेंटिग्रेडला उकळते. लेप कॅमेऱ्यात जाईपर्यंत वाळून जाई, विहिरीच्या मचूळ पाण्याने द्रावण बिघडे, आणि जे उरले त्यावर धूळ बसे. म्हणून पुष्कळांनी फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याची मेणकागदाची रीत पसंत केली. कागदाला मेण पाजून तो काही दिवस आधी तयार करून ठेवता येई आणि चित्र मुक्कामावर परतल्यावर उठविता येई. मात्र त्याला प्रकाश अधिक वेळ द्यावा लागे.

एकट्या माणसाला या साऱ्या गोष्टी चुकत-माकत शिकावयाच्या तर आयुष्य पुरले नसते. सोबत्यांची गरज प्रथम अशी निर्माण झाली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी जानेवारी १८५३ मध्ये निघाली. १८५५ च्या सुमारास तेथेच हौशी मंडळींचा एक विनिमय-क्लब सुरू झाला. त्यातील प्रत्येकाने आपल्या चित्राची एकेक प्रत इतर प्रत्येक सभासदाला द्यावी असा त्याचा संकेत होता. विकत न घेता आणि न विकता चित्रांची देवघेव करण्याची ही चाल पुढे अमेरिकेत गेली. १८६१ साली न्यू यॉर्कमध्ये अशाच एका क्लबाने दुहेरी चित्रे टपालाने एकमेकांस पाठविण्यास प्रारंभ केला. यादवी युद्ध चालू असताना काही थोडी माणसे एकमेकांना ओढ्यांची आणि झाडांची चित्रे पाठवीत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

लंडनच्या पाठोपाठ, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ही पहिली संस्था. पुढल्याच जानेवारीत तिचे नियतकालिक निघाले. १८५६ मध्ये कलकत्ता आणि मद्रास येथेही तशाच संस्था झाल्या. मद्रासच्या संस्थेमागे तेथील कलाशाळेचे संस्थापक डॉ. अलेक्झांडर हंटर यांची खटपट होती. मुंबईच्या संस्थेत हिंदी गृहस्थ आरंभापासून होते, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. एलफिन्स्टन संस्थेत १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि पुढे मुंबईत धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून नावाजलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गातून तयार झाले. ज्या काळात मुंबईच्या बहुतेक क्लबांत हिंदी माणसाला पाऊल ठेवता येत नव्हते, त्या काळात एका टेबलाभोवती गोरे आणि काळे हात एकच चित्र पाहण्यासाठी पुढे होत होते. विद्या नवी असली म्हणजे तिच्यात जुनी पायरी ठरलेली नसते. कोण श्रेष्ठ, हे काचेवर काय उठले यावरूनच ठरवावे लागते.

या मुंबईकर मंडळींनी १८५६ पासून १८५८ पर्यंत एक मासिकवजा चित्रसंग्रह चालविला. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन हे त्याचे प्रकाशक. सोसायटीचा त्यास आश्रय होता. आणि नावाप्रमाणेच तो हिंदुस्थानातील हौशी छायाचित्रकारांचा संग्रह होता. त्या वेळी छायाचित्र छापण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक अंकात खरीखुरी छायाचित्रे चिकटविलेली असत आणि सोबत वर्णन असे. दूरच्या ठाण्यावर एकटा पडलेला हौशी माणूस त्यात आपल्या कामाशी दुसऱ्याचे काम ताडून पाहू शकत होता. पारखीचा पहिला धडा हाच असतो. आपले चित्र आपल्याला सुरेख वाटतेच. दुसऱ्याचे चित्र शेजारी आले की आपल्यातले काय उणे आहे ते शब्दांवाचून कळते.

आरंभी चर्चा रसायनांची असे, पण ती तेथेच राहणे शक्य नव्हते. कागद चांगला की काच, हा प्रश्न दिसावयास सोयीचा, पण आतून तो दृष्टीचा प्रश्न होता. काचेवर झाडाचे पान न् पान उठते. कागदाच्या तंतूंत बारकावा विरघळतो, पण छायाप्रकाशाचे मोठे पुंज ठळकपणे उभे राहतात. मग देखाव्यात पाहावयाचे काय, पान की वन? चित्रकलेतील जुना वाद असा पाठीमागच्या दाराने छायाचित्रणात आला. दुसरा वाद आकाशाचा. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि हिरव्याला फार उशिरा जाग देत. झाडी नीट उमटावी इतका वेळ दिला तर आकाश जळून पांढरे फटफटीत होई. आकाश राखावे तर झाडी काळीठिक्कर पडे. ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास आपल्या समुद्रचित्रांत यावर तोड काढली. काही चित्रांत पाणी एका निगेटिव्हवरून आणि ढग दुसऱ्यावरून छापून त्याने ते एकत्र केले. लोकांना ती चित्रे अपूर्व वाटली. परंतु जे ढग त्या समुद्रावर त्या क्षणी नव्हतेच, ते तेथे दाखविणे ही कला की लबाडी? हा प्रश्न आजही प्रत्येक हौशी मंडळाच्या बैठकीत या ना त्या रूपाने निघतोच, आणि त्याचे उत्तर अजून ठरलेले नाही.

आपल्या देशात या कसोटीला प्रथम पूर्णपणे उतरलेला माणूस म्हणजे मद्रास सैन्यातील अधिकारी लिनिअस ट्राइप. म्हैसूरकडील हळेबीड, बेलूर आणि श्रवणबेळगोळ या स्थळांची त्याची चित्रे १८५५ साली मद्रासच्या प्रदर्शनात मांडली गेली, आणि कागदावरील दृश्यचित्रांची सर्वांत उत्तम मालिका म्हणून परीक्षकांनी तिचा गौरव केला. त्याच वर्षी आर्थर फेअर यांच्या शिष्टमंडळाबरोबर त्याला ब्रह्मदेशात आवा येथे पाठविण्यात आले. तेथील चित्रांपैकी १२० चित्रांचे संच १८५७ मध्ये सिद्ध झाले, तेव्हा त्याने पाहणारांसाठी एक निवेदन जोडले. आपण घाईत होतो, आजारपण आणि वाईट हवा यांनी दिवस खाल्ले, प्रत्यक्ष कामाला अवघे ३६ दिवस मिळाले, आणि बिघडलेले चित्र पुन्हा घेण्याची संधी बहुधा मिळाली नाही, असा त्याचा आशय आहे. सरकारी खात्याला असल्या खुलाशाची गरज नव्हती. खात्याला देवळे दिसली म्हणजे पुरे. हा खुलासा जाणकार सोबत्यांसाठी होता. आपले चित्र कोणीतरी बारकाईने पाहणार आहे या जाणिवेनेच तो लिहिला गेला. पांढरे पडलेले आकाश मात्र ट्राइपला सहन होत नसे. कित्येक निगेटिव्हांवर त्याने स्वतःच्या हाताने ढग रंगविले आहेत.

मुंबई इलाख्यातही अशीच कामगिरी चालू होती. १८५५ मध्ये तोफखान्यातील कप्तान थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळे इकडील वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी सरकारने नेमले. त्यांच्यानंतर ते काम डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेले. त्यांची चित्रे मेडोज टेलर यांच्या वर्णनासह १८६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्याने उमर घालविली त्या रॉबर्ट गिलनेही पुढे कॅमेरा हाती घेतला. पश्चिम हिंदुस्थानातील वास्तूंची त्याची दुहेरी चित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह प्रसिद्ध झाली. आपल्या डोंगरांचे, लेण्यांचे आणि घुमटांचे जे सर्वांत जुने विश्वसनीय दर्शन आज आपल्याला मिळते ते या माणसांच्या श्रमाचे फळ आहे. इमारती पुढे पडल्या, तळी बुजली, झाडी तुटली; चित्रे राहिली. हे ऋण मान्य करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

तथापि, पारख करणारे डोळे कोणाचे होते हा प्रश्न विचारावाच लागतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅम्युएल बोर्न याचे आहे. नॉटिंगहॅमच्या बँकेतील हा कारकून तेथील छायाचित्रण-संस्थेत तयार झाला आणि १८६३ च्या आरंभी हिंदुस्थानात आला. त्याने हिमालयाच्या तीन मोठ्या सफरी केल्या. १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर त्याने काचा ओतून चित्रे घेतली. एवढ्या उंचीवर तोपर्यंत कोणी छायाचित्र घेतले नव्हते. त्याच्या चित्रांतील रचनेची शिस्त, झाडांच्या आणि खडकांच्या वजनाची जाण आजही थक्क करते. या सफरींची हकिकत तो इंग्लंडातील छायाचित्रणाच्या पत्रात लिहीत असे, म्हणजे आपल्या जुन्या सोबत्यांनाच तो आपली चित्रे समजावून देत होता. या हकिकतीत तो पुन्हापुन्हा कुरकुर करतो की, हिमालय भव्य आहे, पण चित्राला सोयीचा नाही. इकडे तळी नाहीत, स्कॉटलंडसारखे ओढे नाहीत, मधूनमधून डोळ्याला विसावा देणारी झोपडी नाही. काश्मीरची सरोवरे दिसल्यावर त्याचे समाधान झाले. इंग्लंडातील बैठकीत जे सुंदर ठरले होते, त्याच्या मापाने तो हिमालय मोजीत होता.

आणखी एक गोष्ट त्या लेखांतून दिसते. पहिल्या सफरीत त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. पुढे ही संख्या वाढली. काचांच्या पेट्या, रसायने आणि तंबू त्यांच्या पाठीवरून खिंडीपर्यंत पोहोचला. ते पळून जात, आणि त्यांच्यावर काठी चालविल्याचेही बोर्न निःसंकोचपणे लिहितो. हे लोक त्या डोंगरांत जन्मले होते. कोणत्या वळणावर सकाळची उन्हे प्रथम पडतात, कोणते शिखर ढगांतून केव्हा बाहेर येते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यापैकी कोणाला तयार चित्र दाखवून, ‘हा डोंगर तुझ्या डोंगरासारखा दिसतो काय?’ असे विचारल्याचे कोठेही आढळत नाही. जुन्या देवळांच्या चित्रांतही एखादा नोकर खांबाजवळ उभा केलेला असतो. खांब किती उंच हे कळावे म्हणून. त्याचे नाव बहुधा नसते. तो चित्रात मोजपट्टी म्हणून आहे. पाहणारा म्हणून कोठेच नाही.

वर उल्लेखिलेल्या जॉन्सन यांचा पुढील ग्रंथ याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८६३ आणि १८६६ या वर्षी त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यातील माणसांची चित्रे एका ठिकाणी घेतलेली आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा. दोन्ही जोडून एक केलेली. ल ग्रेने आकाश आणि समुद्र जोडले, येथे माणूस आणि मुलूख जोडले गेले. नाटकातील पडद्याप्रमाणे देखावा मागे टांगला गेला, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाचा त्या भूमीशी असलेला संबंध जोडणाऱ्याच्या कात्रीवर अवलंबून राहिला.

येथवर आम्ही जे म्हटले त्याला कोणी असे उत्तर देईल की, हमालाला कलेतले काय कळणार. मंडळात बसण्याइतका शिकलेला हिंदी माणूस असता तर त्याचे मत घेतलेच असते. या उत्तराची परीक्षा कलकत्त्यात झाली. बंगालच्या फोटोग्राफिक सोसायटीत राजेंद्रलाल मित्र हे आरंभापासूनचे सभासद होते आणि तिचे खजिनदारही होते. एशियाटिक सोसायटीत ग्रंथपाल म्हणून काम केलेला, संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींवर प्रभुत्व असलेला हा विद्वान. त्यांच्या योग्यतेविषयी कोणाला शंका नव्हती. १८५७ च्या एप्रिलात कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक सभा भरली. शहरांबाहेर राहणाऱ्या युरोपियनांना कंपनीच्या फौजदारी न्यायालयांच्या कक्षेत आणावे अशी विधेयके त्या वेळी पुढे आली होती, आणि ‘काळे कायदे’ म्हणून युरोपियन रहिवासी त्यांची संभावना करीत होते. राजेंद्रलालांनी त्या सभेत कायद्यांची बाजू घेतली आणि निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. छायाचित्रणाशी या भाषणाचा काडीइतकाही संबंध नव्हता. तरीही सोसायटीतील युरोपियन सभासद खवळले. राजीनाम्याची मागणी झाली. राजेंद्रलालांनी ती मानली नाही. तेव्हा त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले. या अन्यायाच्या निषेधार्थ काही सभासद बाहेर पडले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. राजेंद्रलालांनी चित्राविषयी मत द्यावे याला त्या मंडळाची हरकत नव्हती. एखाद्या मळ्याच्या चित्रात सावली जड झाली आहे असे ते म्हणाले असते तर सर्वांनी माना डोलावल्या असत्या. त्या मळ्यात काय चालते याविषयी ते बोलले, आणि खुर्ची गेली. म्हणजे टेबलाभोवतीची बरोबरी चित्राच्या चौकटीपुरती होती. देखावा पाहावा, पण तो मुलूख पाहू नये, अशी ती अट होती. आणि ही अट एकदा मान्य झाली की, चित्रांच्या पारखीलाही तिची बाधा झाल्यावाचून राहत नाही. कारण ज्याला मळ्यातला माणूस पाहण्याची मनाई आहे, त्याला मळ्याचे चित्र पुरे आहे की अपुरे हे सांगताच येणार नाही.

सत्तावीस वर्षांनी याचा दुसरा अंक झाला. तोपर्यंत राजेंद्रलालांचे ओरिसातील पुरातन वास्तूंवरील दोन खंड १८७५ आणि १८८० मध्ये आणि बुद्धगयेवरील ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दगडी बांधकाम हिंदी लोक ग्रीकांपासून शिकले, हे फर्ग्युसन यांचे मत त्यांनी खोडून काढले होते. फर्ग्युसन यांचा मोठा आधार म्हणजे त्यांनी जमविलेली हजारो छायाचित्रे. चित्रे शेजारी शेजारी ठेवून वास्तूंचे वय आणि कुळ ठरविण्यात त्यांचा हातखंडा होता. १८८४ मध्ये त्यांनी राजेंद्रलालांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले, आणि त्यात, युरोपियनांचा न्याय करण्याचा अधिकार हिंदी अंमलदारांस द्यावा की नाही या इल्बर्ट विधेयकाच्या ताज्या वादाशी त्यांनी या विद्वत्तेच्या प्रश्नाचा सांधा जोडला. १८५७ प्रमाणेच प्रश्न एकच होता : या माणसाने न्याय करावा काय? देवळाचा, चित्राचा, की मळेवाल्याचा, हा तपशील. पुढील वर्षी, १८८५ मध्ये, राजेंद्रलाल बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले.

याच काळात परिस्थिती दुसऱ्या बाजूनेही पालटत होती. १८७१ मध्ये मॅडॉक्सने सुक्या काचेची कल्पना मांडली आणि पुढील दहा वर्षांत तयार काचा दुकानांत मिळू लागल्या. तंबू आणि हमाल यांची गरज संपली. इंदूरच्या बांधकाम खात्यात १८६६ पासून नकाशे आणि अंदाजपत्रके करणारे लाला दीनदयाळ हे १८७४ च्या सुमारास छंद म्हणून छायाचित्रणाकडे वळले. लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाकडील वास्तूंची चित्रे घेतली, नोकरी सोडली आणि निजामाच्या दरबारी मान मिळविला. इंदूरच्या वाचकांना हे नाव सांगावयास नको. त्यांच्या चित्रांतील घाट, तलाव आणि कमानी यांत परक्या मापाची कुरकुर आम्हांस जाणवत नाही. उणे काय आहे हे मोजण्याऐवजी समोर जे आहे त्याच्याच तोलावर चित्र उभे केलेले आहे.

सुक्या काचांनी इंग्लंडात आणखी एक सुंदर चाल रूढ केली, ती टपालाने फिरणाऱ्या चित्रपेटीची. ठराविक सभासदांच्या यादीप्रमाणे पेटी घरोघर जाई. प्रत्येकाने आपले नवे चित्र तीत ठेवावे आणि इतरांच्या चित्रांवर सोबतच्या वहीत अभिप्राय लिहावा. फेरी पूर्ण होऊन आपले चित्र परत येई तेव्हा त्याच्याबरोबर दहाबारा मते आलेली असत. क्षितिज बरोबर मध्यावर आल्याने चित्र दुभंगले. पुढचा खडक उगीचच मोठा. ढग उसने दिसतात. सावली सुरेख, पण वाट कोठे जाते ते कळत नाही. लिहून द्यावयाचे असल्याने माणूस विचार करून लिही, आणि समोरासमोर नसल्याने भीडही थोडी कमी होई. पुढे हिंदुस्थानातही प्रदर्शने आणि मंडळे वाढली. मुंबईत १९३२ साली कॅमेरा पिक्टोरिॲलिस्ट्स हे मंडळ आणि १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था निघाल्या. १९५३ मध्ये देशातील मंडळांचा संघ स्थापन झाला. आता टेबलाभोवती सर्व खुर्च्या आपल्याच होत्या.

परंतु खुर्च्या आपल्या झाल्याने पारख आपोआप आपली झाली असे मात्र म्हणता येत नाही. प्रदर्शनात गुण मिळविणारा देखावा कसा असतो हे लवकरच ठरून गेले : धुक्यातून तिरपी येणारी उन्हे, धूळ उडवीत जाणारा कळप, पाण्यात एक नाव आणि नावेत पाठमोरा माणूस. त्या नावाड्याचे नाव आजही चित्राखाली नसते. बोर्नला ओढा हवा होता, आम्हांला धुके हवे असते. मोजपट्टी बदलली, मोजण्याची रीत तीच राहिली. आज खिशातल्या फोनमध्येही कॅमेरा असतो आणि चित्र क्षणात शेकडो लोकांपुढे जाते. पाहणारे वाढले, पण वहीत चार ओळी विचारपूर्वक लिहिणारा सोबती पूर्वीपेक्षा दुर्मिळ झाला. नुसती वाहवा ऐकून कोणाचाही हात सुधारलेला नाही.

या इतिहासावरून आमच्या वाचकांनी घ्यावयाचा बोध आम्हांला असा दिसतो. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची स्थिती त्या जुन्या अंमलदारांसारखीच काहीशी असते. तो मुलूख त्याचा नसतो. तो तेथे हुकमाने गेलेला असतो, आणि त्याच्या डोळ्यांत सह्याद्रीचे कडे, कोकणातली भातखाचरे आणि देशावरची माळराने आधीच बसलेली असतात. गंगेचा सपाट काठ किंवा राजस्थानातील वाळू पाहून ‘येथे काढण्यासारखे काही नाही’ असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात तो आपली चित्रे मांडील, मराठी मित्र ती पाहतील आणि गावच्या डोंगराची आठवण काढतील. यात वावगे काही नाही. पण त्या प्रदर्शनाला एक दिवस शेजारच्या वस्तीतील, त्याच नदीवर नाव चालविणाऱ्या, त्याच वाळूत शेळ्या राखणाऱ्या माणसांनाही बोलवावे. चित्रासमोर उभे करून त्यांना विचारावे, आणि ते हसले तर का हसले हेही विचारावे. कदाचित ते सांगतील की पूर या बाजूने येत नाही. कदाचित सांगतील की, त्या झाडामागे पूर्वी गाव होता आणि धरणाच्या कामात तो उठला. ही टीका रचनेवरची नसेल. ती ऐकून चित्र बदलावे लागेल, प्रसंगी अंमलदाराला आपला अहवालही बदलावा लागेल. १८५७ मध्ये कलकत्त्याच्या मंडळाला नेमके हेच नको होते.